चार दोऱ्यांचा उतार

नागनाथ फरशीवाल्याला बेंगळूरची माणसं चेहऱ्यानं कमी आणि पाठीनं जास्त ओळखत. बावीस वर्षं हा मनुष्य जमिनीकडं तोंड करून शहरात राहिला. कुणी हाक मारली की आधी त्याच्या कमरेतून 'कट्' असा आवाज येई, मग पाठ सरळ होई आणि सगळ्यात शेवटी, सवडीनं, चेहरा येई. तोवर हाक मारणारा काय विचारायचं होतं ते विसरून गेलेला असे.

पत्ते त्याला रस्त्यांवरून कधी कळले नाहीत. मल्लेश्वरमचा पंधरावा क्रॉस त्याच्या डोक्यात 'हिरव्या मोझेकच्या पुढचा बोळ' म्हणून नोंदला होता. एका निवृत्त न्यायाधीशांना तो 'काळी कडाप्पा, तिसरी लादी चिरलेली' या नावानं ओळखे. न्यायाधीशांना हे ठाऊक नव्हतं, हे दोघांच्याही दृष्टीनं बरंच होतं.

या बावीस वर्षांत नागनाथनं चारशेच्या आसपास स्वयंपाकघरांत फरशी घातली होती, आणि त्यांतल्या एकातही तो जेवला नव्हता. धंद्याची रीतच तशी. फरशीवाला स्वयंपाकघरात सगळ्यांच्या आधी शिरतो आणि पहिली फोडणी पडायच्या आत बाहेर पडतो. नंतर कधी त्या घरावरून गेला, तर खिडकीतून येणारा वास तेवढा त्याच्या वाट्याला येई. तो क्षणभर थांबे, "मोहरी जरा करपली," असं मनाशी म्हणे आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन इडली खाई.

इडलीशी त्याचं वैर नव्हतं. पण सीमेवरच्या आळंद तालुक्यातल्या माणसाला बावीस वर्षं इडलीवर ठेवणं म्हणजे बैलाला बिस्किटांवर ठेवण्यासारखं आहे. त्याला भाकरी हवी असे. ज्वारीची, कडक, आणि तीही अनुसूयेच्या हातची. फरशी नीट बसली की नाही हे तो रबरी हातोडा मारून कानानं ओळखी. खाली पोकळ राहिली असेल तर बोदा आवाज येतो, आणि सिमेंट-वाळूचा माल गच्च भरला असेल तर अनुसूया परातीत भाकरी थापते तसा. हा दुसरा आवाज आला की नागनाथला भूक लागे. चांगलं काम झालं त्या दिवशी तो हमखास उपाशी राही, कारण असल्या भुकेवर इडली उतरत नसे.

अनुसूया म्हणजे त्याची बायको. ती गावी. आधी सासऱ्यांचं, मग सासूचं, मग दोघांपेक्षा हट्टी अशा एका म्हशीचं करण्यात तिची बावीस वर्षं तिथंच गेली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, नागनाथ बेंगळूरला निघायच्या आदल्या दिवशी, ती चुलीपाशी भांडी घासत बसली होती. सारवलेली जमीन. घासलेलं पाणी तिच्या पायांभोवती साचून राहिलेलं. हातानं ते ढकलत ढकलत ती म्हणाली होती, "अवो, फरशीवाले ना तुम्ही? मग मला अशी जमीन करून द्या, की पाणी आपलं आपण जाईल. मी नुसती बसून बघीन."

नागनाथ "हौ" म्हणाला आणि गाडीत बसला.

तेव्हापासून त्यानं घातलेल्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या फरशीला मोरीकडं उतार असे. मालकानं मागितला तरी आणि नको म्हटलं तरी. दहा फुटांत चार दोरे. दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार दोरे म्हणजे अर्धा इंच. डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळत नाही, पण पाण्याला बरोबर समजतं. चारशे घरांतल्या चारशे बाया पाणी सांडून नुसत्या बघत उभ्या राहत होत्या, आणि ज्या बाईसाठी हा उतार शोधून काढला होता ती आळंदजवळ शेणानं सारवत होती.

गावच्या घरात फरशी का नाही, असं कुणी विचारलं की नागनाथ चिडे. कारण अगदी सरळ होतं, पण सांगायला लाज वाटे. फरशी घातली की स्वयंपाकघर आठ दिवस बंद ठेवावं लागतं, आणि त्याला वर्षातून सुट्टी आठच दिवसांची. म्हणजे घरी जाऊन आठ दिवस परत उकिडवं बसायचं, आणि जेवायचं शेजाऱ्यांकडं! दरवर्षी तो थापी आणि ओळंबा पिशवीत घालून गावी जाई. दरवर्षी पहिल्या संध्याकाळी अनुसूया भाकरी थापायला बसे, तो आवाज त्याच्या कानांवर पडे, आणि पिशवी कोपऱ्यात राही ती परतीच्या दिवशीच उचलली जाई.

तर, साल अठ्ठ्याण्णव. मल्लेश्वरममध्ये एक जुनं घर पाडून तिथं फ्लॅट उभे राहिले होते. पहिल्या मजल्यावरचा एक घेतला श्रीरंग आणि अंजली या पुण्याहून आलेल्या जोडप्यानं. श्रीरंग दिवसभर कंप्युटरच्या कंपनीत असे आणि रात्री घरी येऊन कंप्युटरचंच बोले, म्हणून घराचं सगळं अंजली बघे. पहिल्या दिवशी नागनाथ तिला म्हणाला, "अक्का, माल कुठं उतरवू?"

अंजली सत्तावीस वर्षांची. समोर पन्नाशीचा, मिशा पिकलेला माणूस. "अहो, मी काय तुमची अक्का? किती मोठे आहात तुम्ही!"

"इथं सगळ्या अक्काच असतात, अक्का. सवय होते स्वल्प दिवसांत."

आणि मग हा माणूस आपल्याशी मराठीत बोलतोय, हे तिच्या लक्षात आलं. चार महिन्यांत दूधवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांशी खाणाखुणांनी संसार केलेली ती बाई तिथंच सिमेंटच्या पोत्यावर बसली, आणि तासभर नुसती बोलत राहिली. पुण्याचा गारवा, पुण्याची भाजी, पुण्याचे रिक्षावालेसुद्धा. पुण्याच्या रिक्षावाल्यांची आठवण येऊन डोळे भरलेलं माणूस नागनाथनं पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे हिचंही आपल्यासारखंच आहे, एवढं त्याला कळलं.

फरशी आली ती नवीनच. दोन फूट बाय दोन फूट, आरशासारखी लखलखीत, आणि दगडापेक्षा टणक. नागनाथनं आयुष्यभराच्या सवयीनं त्यातल्या चार फरश्या आदल्या दिवशी पाण्याच्या पिंपात भिजत घातल्या. सकाळी बिल्डरचा इंजिनिअर पद्मनाभ आला. खिशाला तीन पेनं, हातात लेव्हलची पट्टी. पिंपात डोकावून तो कन्नडमध्ये खो खो हसला. "नागनाथण्णा, ही चिनी मातीची व्हिट्रिफाइड! ही थेंबभर पाणी पीत नाही!"

"म्हणजे निर्जळी एकादशी म्हणायची," नागनाथ फरशी पुसत म्हणाला. "घरात एवढी कडक सोवळी बाई आणली, आता सांभाळा."

पद्मनाभनं हसू आवरलं आणि बोट वर केलं. "आणि एक. मोठी फरशी आहे, उतार द्यायचा नाही. एका फरशीचा कोपरा दुसरीच्या वर आला की पायाला ठेच आणि मला शिव्या. लेव्हल म्हणजे लेव्हल. बुडबुडा मधोमध पाहिजे."

"सरी," नागनाथ म्हणाला. कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे ठीक. नागनाथचा 'सरी' म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला होता. नागनाथची आई गेल्या वर्षी वारली होती, म्हशीला चार दिवस सांभाळायला शेजारीण तयार झाली होती, आणि अनुसूयेचा भाऊ उमाकांत तिला घेऊन उद्यान एक्स्प्रेसनं बेंगळूरला येणार होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. निरोपात शेवटी तिनं सांगितलं होतं: 'तुम्ही केलेली जमीन एकदा दाखवा.'

नागनाथची झोप उडाली. चारशे घरं केली, पण दार कुणाचं वाजवायचं? 'काळी कडाप्पा, तिसरी लादी चिरलेली' यांच्याकडं जाऊन, माझ्या बायकोला तुमचं स्वयंपाकघर दाखवा, असं म्हणायचं? शेवटी त्यानं अंजलीलाच भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "दाखवा काय? वास्तूच्या दिवशी दोघं जेवायलाच या. इथं, या स्वयंपाकघरात. बाहेर पंगतीत नाही."

नागनाथ वळला आणि उगाचच एक सरळ फरशी पुन्हा सरळ करू लागला.

आता उताराशिवाय दाखवणार काय? नुसती चकचकीत फरशी तर कुणीही घालतं. तिनं पाणी मागितलं होतं, आपलं आपण जाणारं. त्यानं ठरवलं. एकेका फरशीला उतार दिला तर कोपरे वर येतात, पण सगळी जमीनच एका अंगाला कलती केली तर? दोऱ्या त्यानं पूर्वेच्या भिंतीला चार दोरे चढवून बांधल्या, पश्चिमेला मोरीच्या जाळीपाशी उतरवल्या, आणि मालाचा थर त्या बेतानं ओढला. कोपऱ्याला कोपरा असा मिळाला की नख अडकू नये. भिंतीकडेची पट्टी एका टोकाला चार दोरे कमी कापली, म्हणजे वरून सगळं सरळ दिसावं. राहिला पद्मनाभचा बुडबुडा. ती लेव्हलची पट्टी दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडली होती, आणि तेव्हापासून तिचा बुडबुडा केसभर एका बाजूला झुकत असे. हे पद्मनाभला ठाऊक नव्हतं, नागनाथला होतं. उताराच्या दिशेनं पट्टीचं कुठलं तोंड ठेवायचं, तेवढाच प्रश्न. पद्मनाभ तपासायला आला की नागनाथ पट्टी आदबीनं पुसून त्याच्या हातात देई, बरोबर त्या तोंडानं. बुडबुडा मधोमध.

"शाब्बास, नागनाथण्णा! याला म्हणतात लेव्हल!"

अर्धी फरशी झाली आणि शेजारच्या पवित्राक्का डोकावल्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, पण अशी की पुण्याच्या माणसानं दोनदा ऐकावी तेव्हा एकदा कळावी. त्यांनी अंजलीला वास्तूच्या दिवसाचं फर्मान काढलं. "हे बघ, नव्या घरात पैलं दूध उतू घालायला पायजे. स्वयंपाकघरात, खाली जमिनीवर स्टोव्ह ठेवून."

"आमच्याकडे दूध उतू गेलं की आई ओरडते," अंजली म्हणाली.

"तुमच्याकडं ओरडू दे. इथं उतू जायलाच पायजे. भसाभसा. आणि पूर्वेला गेलं पायजे. पूर्वेला गेलं की लक्ष्मी घरात आली. पश्चिमेला गेलं तर..." त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "बेडा, बेडा. नको, ते बोलूच नको."

मोरी पश्चिमेला होती. नागनाथच्या हातातली थापी हवेतच राहिली.

अजून वेळ होता. अर्धी फरशी उचलून, माल ओला होता तोवर जमीन सपाट करता आली असती. दूध मग जिथल्या तिथं पसरलं असतं, ना पूर्वेला ना पश्चिमेला. पद्मनाभ खूश, पवित्राक्का खूश. आणि उतार ठेवला तर भर समारंभात, बायकोच्या देखत, दूध धावत जाऊन सगळ्यांना सांगणार: या माणसानं खोटी लेव्हल दाखवली आणि लक्ष्मी मोरीत घालवली. पुन्हा या बिल्डरकडं काम मिळायची आशाच नको.

दुपारभर तो विडी न पेटवता ओठांत धरून बसला. मग पुढची फरशी उचलली, मालावर ठेवली आणि हातोडा मारला. अगदी भाकरी थापल्यासारखा आवाज आला. त्यानं दोऱ्या होत्या तशाच ठेवल्या.

वास्तूच्या दिवशी सकाळी अनुसूया स्टेशनावरून थेट आली. हिरवं इरकल, डोक्यावर पदर, हातात भाकऱ्यांचं गाठोडं, मागं पेटी सांभाळणारा उमाकांत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ती थांबली, चपला तर खालीच काढल्या होत्या तरी पाय पुन्हा पदरानं पुसले, आणि म्हणाली, "आगं आई! यात तर माझं तोंड दिसतंय. यावर चालायचं म्हणजे सोताच्याच तोंडावर पाय द्यायचा की वो!"

"द्या, द्या," अंजली हसत म्हणाली. "मी रोज देते."

मधोमध दोन विटांवर वातीचा स्टोव्ह मांडला होता, त्यावर पितळी पातेलं, आणि त्यात पवित्राक्कांच्या हुकमानं काठोकाठ दूध. भोवती पाहुणे. पद्मनाभ नवा शर्ट घालून आला होता, पण पट्टी त्याच्या हातात होतीच. काही माणसं लग्नालासुद्धा छत्री नेतात तसा तो. नागनाथ दाराशी उभा. त्याला दूध दिसत नव्हतं, फक्त जमीन दिसत होती.

दूध वर आलं. फुगलं. घोष झाला आणि ते चहूकडून ओसंडलं, विटांवरून खाली आलं. क्षणभर तिथंच घोटाळलं, कुठं जायचं ते आठवत असल्यासारखं. मग त्याचं पांढरं बोट पुढं निघालं. सरळ. न अडखळता. पश्चिमेकडं.

"अय्यो!" पवित्राक्का किंचाळल्या. "पश्चिम! मोरीत चाललं!"

पद्मनाभ गुडघ्यांवर बसला, धोतर नसताना धोतर सावरल्यासारखं केलं, आणि पट्टी जमिनीवर टेकवली. सवयीनं, नागनाथनं लावलेल्या त्याच तोंडानं. बुडबुडा मधोमध. "लेव्हल बरोबर आहे!" तो हादरून म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोरून दूध वाहत चाललं होतं. "अगदी बरोबर आहे!"

"तुमची पट्टी बरोबर असेल हो," पवित्राक्का म्हणाल्या, "पण दूध कशाला खोटं बोलेल?"

सगळे हळूहळू दाराकडं वळले. नागनाथच्या कमरेत 'कट्' झालं. पाठ सरळ करून तो पुढं आला. "उतार मी दिलाय. चार दोरे. इंजिनिअरसाहेबांनी नको म्हटलं होतं, त्यांची काही चूक न्हाई. मीच दिला."

"का पण?" श्रीरंगनं विचारलं. कंप्युटरवाल्याला कारण लागतं.

नागनाथनं अनुसूयेकडं पाहिलं.

अंजली इतका वेळ त्या दुधाच्या वाटेकडं टक लावून बघत होती. तिनं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, "पश्चिमेला तर पश्चिमेला! तिकडं आमचं पुणं आहे. जाऊ दे, माझ्या आईला निरोप पोचेल."

"जरा वायव्येला आहे," श्रीरंग म्हणाला.

"तू गप्प बस!"

सगळे हसले. पवित्राक्कांनी मात्र घाईनं वाटीभर दूध पूर्वेच्या कोपऱ्यात ओतलं, लक्ष्मीची सोय म्हणून. तेही पश्चिमेला निघालं तेव्हा त्यांनी हात टेकले. पद्मनाभनं पट्टी उलटी करून ठेवली, बुडबुडा हलला, आणि तो नागनाथकडं वळला. "अण्णा," तो हळूच म्हणाला, "दोन वर्षं मी या पट्टीवर किती घरं पास केली असतील?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत खालच्या मजल्यावर निघून गेला.

पाहुणे बाहेर जेवायला बसले. अंजलीनं शब्द पाळला. स्वयंपाकघरात दोन पाट मांडले. अनुसूयेनं ताटातला भात बाजूला सारून गाठोडं सोडलं आणि कडक भाकरी मोडून त्याच्यापुढं ठेवली. नागनाथ चारशे घरांत पहिल्यांदा आपण केलेल्या जमिनीवर बसून जेवला. पहिली भाकरी संपायच्या आत त्यानं दुसरीकडं हात नेला.

जेवण झाल्यावर अनुसूयेनं तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं. पाणी निघालं, चकाकत, कुणी न ढकलता, आणि जाळीतून गेलं. तिनं आणखी ओतलं. तेही गेलं. मग ती हनुवटी गुडघ्यांवर टेकून नुसती बसून बघत राहिली.

"तू म्हणाली होतीस," नागनाथ म्हणाला. "पैल्या वर्षी. आठवतंय?"

"आठवतंय की."

"सगळ्या घरांत देतो मी. एक घर चुकलो न्हाई. तुझंच तेवढं..." त्यानं रिकामा तांब्या सरळ उभा केला. "या वर्षी येतो आणि घालतोच. दोन बाय दोनची."

अनुसूया हसली. बावीस वर्षांत खूप काही बघून झालेल्या बाईचं हसू. "आपल्या घरातबी पाणी जातंय की आपलं आपण. कवाचं."

"कसं?"

"सारवताना चुलीकडं जाड लावते, मोरीकडं पातळ. दर आठवड्याला जराजरा. वीस वर्षं. झाला उतार. तुमची वाट बघत पाण्यात बसून राहीन होय?"

 चारशे घरांना न दिसणारा उतार देणारा नागनाथ वीस वर्षं त्या जमिनीवर बसून जेवला होता. "मला कसं कळलं न्हाई?"

"आठ दिस येता. ताटाकडं बघून जेवता, माझ्याकडं बघता. जमिनीकडं कवा बघितलं तुम्ही? घरी आल्यावर तेवढं बघायचं सोडता." हे ती तक्रार म्हणून सांगते आहे की कौतुक म्हणून, ते त्याला कळेना. बहुतेक दोन्ही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पाणी जातंय वो. माणूस तेवढं येत न्हाई."

बाहेर पंगतीत कुणीतरी श्लोक म्हणत होतं. जाळीतून शेवटचं पाणी उतरल्याचा आवाज आला. नागनाथनं फरशीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, आणि मग फरशीवाल्याला सुचेल तेच विचारलं.

"किती दोरे दिलायस?"

"मला काय ठाव दोरे-बिरे," अनुसूया उरलेल्या भाकऱ्या त्याच्यासाठी फडक्यात बांधत म्हणाली. "तुम्हीच येऊन मोजा. पण सांगून ठेवते, आठ दिसांत मोजून व्हायचं न्हाई."